२५ हजारांची स्टिक आणि नागपूरचा मुरूम

नागपूरच्या बर्डीवरच्या खेळसामानाच्या दुकानात ८०० रुपयांच्या आसपास हॉकीची लाकडी स्टिक मिळते. तेवढ्याच लांबीची कार्बन तंतूंची स्टिक ऑनलाइन मागवली तर ती २५ हजारांनाही पडते. मधल्या पायऱ्या साधारण अशा आहेत: थोडा कार्बन आणि बाकी काचतंतू असलेली दीड ते ३ हजारांना, निम्म्या कार्बनची साडेतीन ते ६ हजारांना आणि ८०-९० टक्के कार्बनची देशी स्टिक ८ ते १५ हजारांना. त्यावर परदेशी नावं सुरू होतात. त्यांतल्या बऱ्याच स्टिका सियालकोट, जालंधर, मेरठ किंवा चीनमधल्या कारखान्यांतच तयार होतात, ही गोष्ट वेगळी.

जादा पैसे टाकावेत की नाही हा प्रश्न शालेय स्पर्धांचा हंगाम आला की हमखास येतो. आमचं उत्तर आधीच सांगतो. ६ हजारांपर्यंत वाढवलेला पैसा हाताला कळतो. त्यापुढचा पैसा ओल्या टर्फवर (कृत्रिम गवताच्या मैदानावर) नियमित खेळणाऱ्याला थोडाफार मिळतो आणि मुरमावर खेळणाऱ्याला जवळजवळ मिळत नाही, उलट त्याची स्टिक लवकर जाते. हे उत्तर कुठून येतं, तर दुकानातल्या वजनकाट्यापासून मैदानावरच्या हिटपर्यंत स्टिक तपासत जाण्यातून.

सुरुवात छापील टक्क्यापासून करू, कारण पैसे त्याच आकड्याचे लागतात. स्टिकवर '९० टक्के कार्बन' लिहिलेलं असतं, पण तो टक्का कशाचा मोजायचा याचं सगळ्यांना बांधणारं मोजमाप नाही. कोणी तंतूंच्या वजनाचा टक्का लिहितो, कोणी थरांच्या संख्येचा. म्हणून एका नावाचे ७० टक्के आणि दुसऱ्या नावाचे ९० टक्के यांची तुलना करू नये. '३के', '१२के' हे आकडे तर एका पट्टीत किती हजार तंतू आहेत एवढंच सांगतात. वरून दिसणारी चौकटीची वीण बहुतेक वेळा शोभेचा शेवटचा थर असते. आत थर कोणत्या कोनात घातलेत, ते चिकटवणारं रेझिन कुठलं, साच्यात गरम करताना स्टिक पोकळ राहावी म्हणून आत फुगवलेल्या फुग्याचा दाब नीट बसला का, यावर स्टिकचं खरं वागणं ठरतं. यातलं काहीही स्टिकरवर नसतं.

कार्बन नेमकं काय देतो? ताठपणा. स्टिकमध्ये वापरतात त्या कार्बन तंतूचा ताठपणा साधारण २३० गिगापास्कल असतो, काचतंतूचा ७० ते ७२. म्हणजे तिप्पट, आणि वजनालाही कार्बन हलका. पण काचतंतू तुटण्याआधी ४ टक्क्यांहून जास्त ताणला जातो, कार्बन दीड-दोन टक्क्यांतच तुटतो. म्हणून काचेची स्टिक वाकते आणि मार सोसते. कार्बनची वाकत नाही, पण कडेला दगड लागला की तिचा टवका उडतो. महाग स्टिकमध्ये अरामिडचे (केव्हलारसारख्या चिवट तंतूंचे) थर असतात, ते हाताला बसणारी झिणझिण कमी करतात. आखूड पडलेल्या किंवा टोकाला लागलेल्या हिटनंतर बोटं बधिर होतात, तिथे अरामिडचा उपयोग कळतो.

आता दुकानात. किमतीकडे बघण्याआधी लांबी ठरवायची. स्टिक शरीराला लागून उभी धरली की दांड्याचं टोक कंबरेच्या हाडापाशी यायला हवं. मोठ्यांची नेहमीची लांबी ३६.५ इंच, उंच खेळाडूला ३७.५. मुलगा वाढतोय म्हणून दोन इंच मोठी घेण्याची आपल्याकडे सवय आहे. शाळेचा शर्ट तसा चालतो, स्टिक चालत नाही. लांब स्टिकने मुलगा उभा राहून खेळतो, गुडघे वाकत नाहीत, आणि ड्रिबलिंग करताना दांडा पोटाला अडतो. दोन वर्षांनी लांबी बरोबर होते, पण सवय गेलेली नसते.

मग वजन. नियमाने स्टिक ७३७ ग्रॅमपर्यंत चालते, पण प्रत्यक्षात कोणी तेवढी जड घेत नाही. ५३० ग्रॅमपर्यंतची हलकी, ५३५ ते ५६५ मधली, त्यापुढची जड. स्टिकरवरच्या 'लाइट' शब्दावर विसंबू नका. एकाच मॉडेलच्या दोन स्टिकांत १०-१५ ग्रॅमचा फरक सहज निघतो, म्हणून घरातला स्वयंपाकाचा डिजिटल काटा पिशवीत टाकून न्या. दुकानदार हसतो, पण काटा ठेवू देतो. वजनाइतकाच महत्त्वाचा तोल. स्टिक एका बोटावर आडवी तोलायची आणि तोलाच्या जागेपासून डोक्यापर्यंतचं (चेंडू मारायच्या वाकड्या टोकापर्यंतचं) अंतर मोजायचं. दोन स्टिकांचं वजन सारखं असूनही एकीत हे अंतर सेंटिमीटरभर कमी असेल, तर ती हातात जड लागते. डोक्याकडे वजन असलेली स्टिक फुलबॅकच्या लांब हिटला चांगली, पण फॉरवर्डला उलट्या बाजूने चेंडू ओढताना ती उशीर करते. तोलाचा हा फरक २ हजारांच्या स्टिकमध्येही निवडून मिळतो, आणि खेळात तो २० टक्के जादा कार्बनपेक्षा जास्त जाणवतो.

तिसरी गोष्ट बाक, ज्याला सगळे 'बो' म्हणतात. नियमात जास्तीत जास्त २५ मिमी, आणि बाकाची सगळ्यात खोल जागा डोक्याच्या तळापासून २०० मिमीच्या आत येता कामा नये. मोजायला स्वयंपाकघरातला कडप्प्याचा ओटा उत्तम. चपटी बाजू खाली करून स्टिक ठेवायची आणि मधल्या फटीत कंपासपेटीतला गुण्या उभा घालायचा. इथे एक चूक नेहमी होते. गुण्याच्या कडेपासून शून्याच्या रेघेपर्यंत काही मिलिमीटर कोरी जागा असते, ती मिळवली नाही तर २५ मिमीचा बाक २० वाचला जातो. शून्य काठावरच असलेली पोलादी पट्टी असेल तर ही कटकट नाही.

खाली सरकवलेला बाक म्हणजे 'लो बो'. तो ड्रॅग फ्लिकसाठी बनवतात: चेंडू दांड्याच्या खोलगट भागात बसून ओढला जातो आणि शेवटी झेप घेतो. महाग स्टिकांत हाच आकार सर्रास दिसतो, कारण त्या पेनल्टी कॉर्नर घेणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून विकल्या जातात. मुरमावर चेंडू असा ओढायला गेलं की तो खड्यावर उडतो, दांड्यावर टिकतच नाही. शिवाय लो बोने सरळ हिट मारताना मनगट किंचित जास्त पुढे घ्यावं लागतं, नाही तर चेंडू उचलला जातो. शाळेच्या मैदानावर गुडघ्याच्या उंचीचे हिट धोकादायक खेळ म्हणून पकडले जातात, त्यांतल्या काहींचं मूळ मुलाच्या हातात नसून न पेलणाऱ्या बाकात असतं. २० ते २२ मिमीचा, मध्यावर असलेला बाक शिकणाऱ्याला पुरतो.

शेवटी नाणं. स्टिक दोन बोटांत सैल लटकवून डोक्यापासून ग्रिपपर्यंत दर दोन-तीन सेंटिमीटरवर नाण्याच्या कडेने टकटक करायची. आवाज सगळीकडे टणक यायला हवा. डोक्याजवळ तो बदलतो, कारण तिथे स्टिक भरीव होते. पण मध्येच एखाद्या जागी भद्द आवाज आला तर आत थर सुटले आहेत. १५ हजारांच्या स्टिकमध्येही असा दोष असू शकतो, म्हणून पार्सल उघडल्या उघडल्या हे करून घ्यावं.

जोर किती वाढतो, हा मुख्य प्रश्न. चेंडू एक मीटरवरून स्टिकवर टाकून उसळी मोजायची कल्पना सगळ्यांना सुचते. ती किमतीची तुलना करायला निरुपयोगी आहे. स्टिक फरशीवर ठेवली तर फरशी मोजली जाते, हातात धरली तर हात. त्यात एक मीटरवरून पडणारा चेंडू सेकंदाला साडेचार मीटरनेही येत नाही आणि हिटमध्ये स्टिक आणि चेंडूची टक्कर त्याच्या कितीतरी पट वेगाची असते. एकाच स्टिकवरची मेलेली जागा शोधायला मात्र ही चाचणी चांगली. उसळी एका ठिकाणी अचानक पडली तर तिथे पुन्हा नाणं वाजवून बघा.

खरी तुलना मैदानावर मोबाइलने होते. गोलासमोर डीच्या (गोलापुढच्या अर्धगोल रेषेच्या) टोकावर, म्हणजे गोलरेषेपासून १४.६३ मीटरवर चेंडू ठेवायचा आणि गोलच्या मागच्या फळीवर, जी गोलरेषेच्या सुमारे १.२ मीटर मागे असते, सरळ हिट मारायचा. मोबाइल सेकंदाला २४० फ्रेमच्या स्लो मोशनवर, हिटर आणि फळी यांच्या बरोबर मध्ये, बाजूला ठेवायचा. मध्येच का, तर हिटचा आणि फळीचा असे दोन्ही आवाज सारख्याच उशिराने पोचतात. हिटरजवळ ठेवला तर फळीचा आवाज सुमारे ०.०४५ सेकंद उशिरा येतो आणि हिशेब बिघडतो. चेंडू ताशी ९० किमी वेगाने गेला तर दोन आवाजांत साधारण १५० फ्रेम येतात.

आता गणित. थांबलेल्या चेंडूला मिळणारा वेग, बाकी सगळं सारखं असेल तर, एक अधिक उसळीचा गुणांक (टकरीनंतर दूर जाण्याचा वेग टकरीआधीच्या वेगाच्या किती पट, तो आकडा) या प्रमाणात वाढतो. ताठ स्टिकमुळे हा गुणांक समजा ०.५५ वरून ०.६० वर गेला, तर वेग वाढतो सुमारे ३ टक्के, म्हणजे त्या १५० फ्रेममधल्या पाचेक. आणि त्याच खेळाडूच्या त्याच स्टिकने मारलेल्या लागोपाठच्या हिटमध्ये याहून मोठा फरक पडतो. म्हणून आधी एका स्टिकने सगळे हिट आणि मग दुसरीने, असं करू नये. स्टिका आलटून पालटून घ्याव्यात आणि नावं कापडी टेपने झाकावीत. महाग स्टिक हातात आहे हे कळलं की पोरगं जोर लावतंच. नावं झाकली की निम्मा 'पॉवर' तिथेच विरतो.

यातून जे दिसतं ते असं. काचेच्या स्वस्त स्टिकवरून निम्म्या कार्बनच्या स्टिकवर गेलं की जोरकस हिटरचे फ्रेम स्पष्ट कमी होतात. निम्म्यावरून ९० टक्क्यांवर गेलं की फरक हिटच्या चढउतारात बुडतो. ज्याची हिट अजून प्रत्येक वेळी वेगळ्या जागी लागते, त्याच्या बाबतीत पहिला फरकसुद्धा दिसत नाही.

ताठ स्टिकचा तोटा चेंडू अडवताना दिसतो. १५६ ते १६३ ग्रॅमचा टणक चेंडू वेगाने आला की काचेची स्टिक थोडी दबते आणि तो पायाशी थांबतो. कार्बनवरून तो हातभर पुढे उडतो आणि समोरचा उचलून नेतो. अनुभवी खेळाडू त्या क्षणी हात सैल सोडतात, म्हणून त्यांना हे जाणवत नाही. १२-१३ वर्षांच्या मुलाला १० ते ३० टक्के कार्बनवर ट्रॅपिंग (चेंडू अडवून थांबवणं) आधी बसवू द्यावं.

आणि मुरूम. नागपूर जिल्ह्यातलं शाळा-कॉलेजचं हॉकी बरंचसं मुरमावर किंवा विरळ गवतावर होतं, आणि मुरूम म्हणजे खेळाडूच्या दृष्टीने सॅंडपेपर. स्टिकच्या डोक्याचा तळ आणि पुढची कड प्रत्येक टॅकलला घासते. आधी रंग जातो, मग रेझिनचा थर, मग काळे तंतू उघडे पडतात. तोपर्यंत खेळात काही फरक वाटत नाही म्हणून दुर्लक्ष होतं. जुलैत पाऊस सुरू झाला की उघड्या तंतूंच्या कडेने पाणी आत जातं, थर सुटायला लागतात आणि दसऱ्यापर्यंत डोकं भद्द वाजतं. काचतंतूची कडही झिजते, पण टवके कमी उडतात आणि नवी स्टिक घ्यायला कर्ज काढावं लागत नाही. मुरमावरची स्टिक ही संपणारी वस्तू धरून चालावं, ती २५ हजारांची असली तरी.

झीज लांबवायला तळावर आणि कडेवर कापडी हॉकी टेप एकाच थरात लावावी, घासली की बदलावी. थरावर थर चढवू नये. टेपसकट सगळी स्टिक ५१ मिमी आतल्या व्यासाच्या कड्यातून गेली पाहिजे, आणि डोक्याची रुंदी आधीच त्या मर्यादेजवळ असते. सामन्याआधी अंपायरने कडं घातलं आणि स्टिक अडकली की टेप तिथेच सोलावी लागते. तंतू उघडे पडलेच तर स्टिक दोन दिवस सावलीत कोरडी करावी, कड ओल्या सॅंडपेपरने हलकी घासावी (कोरडी घासली तर कार्बनची धूळ हवेत जाते, नाकाला फडकं हवंच) आणि दोन नळ्या मिसळून करायच्या पातळ एपॉक्सीचा एक हात द्यावा. प्लंबिंगची कणीक भरण्याचा उद्योग बरेच जण करतात. ती पहिल्या टॅकलला ढेकळासारखी निघते आणि धारदार कड सोडते. अशा टोकदार स्टिकने नियमाने खेळता येत नाही.

दुसरा शत्रू ऊन. मे महिन्यात इथे ४५ अंश ओलांडले की बंद गाडीच्या काचेमागे स्टिक तापते. रेझिन अशा उष्णतेला नरम पडू लागतं, आणि नरम असताना वर किटबॅगचं ओझं असेल तर बाक बदलतो. उन्हाळी शिबिराला जाताना स्टिक डिकीत विसरू नका. जुन्या तुतीच्या लाकडाच्या स्टिकचं दुखणं उलटं: ती कूलरच्या वाऱ्यासमोर उभी ठेवली की ओल धरते आणि जडावते. लाकडी स्टिकने कधीकाळी सगळं हॉकी चालायचं. १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिम्पिकपासून ऑलिम्पिकचं हॉकी कृत्रिम मैदानावर गेलं, त्यानंतर कंपोझिट (तंतू आणि रेझिनच्या) स्टिका आल्या, आणि टर्फचा वेग जसा वाढला तसा ताठपणाला भाव आला. महाग स्टिक त्या मैदानासाठी जन्मली आहे, हे लक्षात ठेवलं की तिचे गुण-दोष दोन्ही नीट कळतात.

मग ती घ्यावी कोणी? आठवड्यातले बहुतेक दिवस टर्फवर सराव करणाऱ्याने, ज्याची हिट दर वेळी एकाच जागी लागते त्याने, आणि टीमसाठी ड्रॅग फ्लिक घेणाऱ्याने. राज्य शिबिरात निवड झालेल्या मुलीला ९-१० हजारांची स्टिक घेऊन देणं समजण्यासारखं आहे. तिथेही आम्ही सांगतो की टर्फची स्टिक टर्फलाच काढा, रोजच्या मुरमाच्या सरावाला जुनी ठेवा. १० हजारच असतील तर एका स्टिकवर सगळे घालण्यापेक्षा सारख्या वजनाच्या, सारख्या तोलाच्या साडेतीन हजारांच्या दोन स्टिका घ्या. राहिलेल्यात चांगले शिन गार्ड, माउथ गार्ड आणि बूट येतात. सामन्यात स्टिक मोडली की दुसऱ्याची उसनी घ्यावी लागते, आणि अनोळखी तोलाच्या स्टिकने पेनल्टी कॉर्नर अडवणं फार अवघड.

गोलकीपरने तर कार्बनच्या नादी लागूच नये. त्याची स्टिक चेंडू अडवायला असते. आकार वेगळा, वाकडा घ्यावा, पण पैसा हेल्मेट आणि पॅडमध्ये जाऊ द्यावा.

वापरलेल्या महाग स्टिकांचाही एक बाजार आहे. मोठ्या खेळाडूची २० हजारांची स्टिक ५-६ हजारांना मिळते म्हणून पोरं हरखतात. ती त्याने का काढली, हे आधी विचारा. हजारो हिटनंतर रेझिनमध्ये बारीक भेगा पडतात आणि ताठपणा उतरतो, बाहेरून रंग मात्र चकचकीत राहतो. ग्रिप सोडवून दांडा बघा, कारण आडव्या भेगा तिथेच लपतात. ग्रिपच्या खालच्या टोकापासून वीतभर खालीही नख फिरवा, स्टिक बहुधा तिथे मोडते. पूर्ण नाणं वाजवून झाल्याशिवाय पैसे देऊ नका. ग्रिप सोडवू न देणाऱ्याशी घासाघीस करण्यात अर्थ नाही.

नवी घेतली तर वॉरंटीचा कागद दुकानातच वाचा. मुदत काही महिन्यांचीच असते, आणि झीज, दुसऱ्या स्टिकचा मार, काँक्रीटवर किंवा मातीवरचा वापर हे बहुतेक ठिकाणी वगळलेलं असतं, म्हणजे आपल्याकडचा बराचसा वापर त्यात बसतच नाही. टेप लावण्याआधी डोक्याचे, तळाचे आणि अनुक्रमांकाचे फोटो काढून ठेवा, बिलाचाही काढा. थर्मल कागदावरची अक्षरं उन्हाळ्यात दोन-तीन महिन्यांत पुसट होतात आणि तक्रार करायची वेळ साधारण तेव्हाच येते.